फिफ्थ-व्हील कॅम्पिंग ट्रेलर: किती फुटांचा घ्यायचा, आणि ते फोनवर कसं काढायचं?

"पाचवं चाक म्हणजे स्टेपनीच ना रे?" मामाने विचारलं. मी हसलो खरा, पण नाव ऐकून कोणालाही तेच वाटेल.

झालं असं. मामाचं गाव साकोली तालुक्यात. नागझिऱ्याच्या पिटेझरी गेटकडे जाणाऱ्या बाजूला मुख्य रस्ता सोडून आत वळायचं, मग तलावाच्या पाळीवरून शेतापर्यंत. माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, गेलं वर्षभर यूट्यूबवर अमेरिकन कॅम्पिंगचे व्हिडिओ बघतोय. पिकअपच्या मागे जोडलेलं मोठं घर, आत बेडरूम, किचन, संडास-बाथरूम, भिंत बाहेर सरकून हॉल मोठा होतो, सगळं. त्याच्या डोक्यात पक्कं बसलं की असा एक ट्रेलर बनवून घ्यायचा. हिवाळ्यात जंगल बघायला येणाऱ्यांना शेतावर भाड्याने द्यायचा आणि उरलेल्या दिवसांत घरच्यांनी फिरायचं. पैसे धानाचे आणि थोडं कर्ज. एका फॅब्रिकेटरशी बोलणंही झालं. त्याने एकच प्रश्न विचारला, "किती फूट?" दर फुटावर होता. दादा म्हणाला, "तीस."

ॲडव्हान्स द्यायला आठ दिवस होते. घरात 'मोबाइलचं समजणारा' मी, म्हणून हिशेब माझ्याकडे आला. त्या आठ दिवसांत जे शिकलो ते इथे लिहितोय. ट्रेलर घ्यायचा नसला तरी वाचा, कारण फोनने रस्ता मोजण्याची जी पद्धत पुढे दिली आहे ती हार्वेस्टर, बोअरवेलची गाडी किंवा लग्नाच्या मंडपाचा ट्रक आत येईल का, हे बघायलाही चालते.

आधी पाचवं चाक समजून घेऊ

जुन्या चारचाकी घोडागाडीत पुढचा अ‍ॅक्सल वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवं, सपाट चाक बसवलेलं असायचं. जमिनीवरची चार आणि हे पाचवं. ते चाक गेलं, नाव राहिलं.

आज ते बघायचं असेल तर राष्ट्रीय महामार्ग ५३ वर कुठल्याही ढाब्यापाशी थांबा. नागपूर-भंडारा-साकोली-रायपूर हा रस्ता ट्रेलरचाच आहे. वरठीच्या पोलाद कारखान्याकडे जाणारे-येणारे लांब ट्रेलर, ४० फुटी कंटेनर, सगळे तिथे दिसतील. पुढच्या घोड्यावर, म्हणजे ट्रकच्या मागच्या चाकांच्या वर, ग्रीस लावलेली एक जाड लोखंडी थाळी असते. तिला मागून फट आणि आत जबडा. ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली एक जाडजूड खिळा असतो, त्याला किंगपिन म्हणतात. त्याचा नेहमीचा व्यास २ इंच, म्हणजे ५०.८ मिलिमीटर. पिन फटीत जाते, जबडा बंद होतो आणि ट्रेलरचं पुढचं वजन त्या थाळीवर बसतं. ती थाळी म्हणजेच फिफ्थ व्हील.

कॅम्पिंग ट्रेलरमध्ये हीच गोष्ट लहान आकारात असते. थाळी पिकअपच्या हौद्यात, मागच्या अ‍ॅक्सलच्या जवळपास वर बसवतात. ट्रेलरचं नाक हौद्यावर चढतं आणि त्या नाकात बहुतेक वेळा बेडरूम असते.

आपल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीत असं नसतं. ट्रॉलीचा हूक ट्रॅक्टरच्या पाठीमागे, अ‍ॅक्सलच्या बराच मागे असतो. त्यामुळे ट्रॉली जोरात गेली की शेपटीसारखी हलते. फिफ्थ-व्हीलमध्ये जोड अ‍ॅक्सलच्या वर असल्याने हे हलणं बरंच कमी होतं. म्हणूनच अमेरिकेत मोठे कॅम्पिंग ट्रेलर याच प्रकारचे असतात. पण याची किंमत वळणावर मोजावी लागते. ती कशी, ते पुढे.

'३० फूट' म्हणजे नक्की काय मोजलं?

फोन घेताना ६.७ इंच स्क्रीन म्हणजे रुंदी नाही, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा कर्ण, हे तुम्हाला माहीत आहे. १२८ जीबीचा फोन घेतला तरी सगळी जागा वापरायला मिळत नाही, हेही माहीत आहे. ट्रेलरच्या फुटांचं तसंच आहे.

एक लांबी आतल्या खोलीची, एक नाकापासून मागच्या बंपरपर्यंतची. अमेरिकन मॉडेलच्या नावातला आकडा बघून फसू नका. नावात २८ असलं म्हणून ट्रेलर २८ फुटांचा असेलच असं नाही, टोकापासून टोकापर्यंत मोजला तर काही फूट जास्त भरतो. दादा ज्याला ३० म्हणत होता ती कोणती लांबी, हे ना दादाला माहीत होतं ना फॅब्रिकेटरने सांगितलं होतं. पहिला फोन मी त्याच्यासाठीच केला.

आणि तिसरी लांबी, जी जाहिरातीत कधी दिसत नाही पण रस्त्यावर तीच कामाची: किंगपिनपासून ट्रेलरच्या अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर. दोन अ‍ॅक्सल असतील तर दोन्हींच्या मधोमध. ड्रॉइंग मागवा आणि त्यावर हे अंतर लिहून घ्या. एकाच लांबीच्या दोन ट्रेलरमध्ये हे वेगळं असू शकतं.

वळणावर काय होतं

एसटी वळताना बघा. ड्रायव्हर पुढचं तोंड वळणाच्या बाहेर नेतो, कारण मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेघेवरून जात नाहीत, आतून जातात. गाडी जितकी लांब तितकी जास्त आत. जोडगाडीत हे दोनदा होतं. आधी पिकअपची मागची चाकं आत येतात आणि मग त्यांच्याही आत ट्रेलरची चाकं. ट्रॉलीचा हूक मागे असल्यामुळे वळताना तो थोडा बाहेर फेकला जातो आणि ट्रॉलीला बाहेर ओढतो. फिफ्थ-व्हीलला ही मदत मिळत नाही. वर म्हटलेली किंमत हीच.

याचा हिशेब नववी-दहावीच्या पायथागोरसचाच आहे. वळण गोल धरा. पिकअपच्या पुढच्या अ‍ॅक्सलच्या मध्यबिंदूची त्रिज्या घ्या, तिचा वर्ग करा. त्यातून पिकअपच्या व्हीलबेसचा वर्ग वजा करा. मग किंगपिन-ते-अ‍ॅक्सल अंतराचा वर्ग वजा करा. जे उरलं त्याचं वर्गमूळ म्हणजे ट्रेलरच्या अ‍ॅक्सलची त्रिज्या. फोनच्या कॅल्क्युलेटरमध्ये √ दिसत नसेल तर फोन आडवा करा.

मामाच्या वाटेवर सगळ्यात अवघड वळण पाळ उतरून शेताकडे वळतानाचं. मी धरलेले आकडे असे: पुढच्या अ‍ॅक्सलची त्रिज्या ९ मीटर, पिकअपचा व्हीलबेस ३.१ मीटर. ट्रेलरची रुंदी २.४ मीटर. पिन-ते-अ‍ॅक्सल अंतर ड्रॉइंग येईपर्यंत अंदाजाने घेतलं.

२० फुटी, अंतर ३.६ मीटर: ट्रेलर १.३६ मीटर आत येतो. रस्ता लागतो सुमारे ३.५५ मीटर.

२४ फुटी, अंतर ४.५ मीटर: १.८५ मीटर आत. रस्ता सुमारे ४.०५ मीटर.

३० फुटी, अंतर ६ मीटर: ३.०५ मीटर आत. रस्ता सुमारे ५.२५ मीटर.

३६ फुटी (दादाच्या आवडत्या व्हिडिओतला), अंतर ७.३ मीटर: ४.७५ मीटर आत. रस्ता सुमारे ७ मीटर.

लक्षात घ्या, पिन-ते-अ‍ॅक्सल अंतर ३.६ वरून ७.३ म्हणजे दुप्पट झालं, पण आत घुसणं साडेतीन पट झालं. वर्गाचा खेळ आहे हा. म्हणून "चार फुटांनी काय फरक पडतो" हे वाक्य २० ते २४ ला थोडंफार चालेल, ३० ते ३४ ला अजिबात नाही.

आता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची डांबरी रुंदी साधारण ३.७५ मीटर असते, कमी वर्दळ असेल तिथे ३ मीटरही. म्हणजे २० फुटी डांबरावर राहतो. २४ फुटीचं आतलं चाक साइडपट्टीवर उतरतं. उन्हाळ्यात काही नाही, पण रोवणीच्या दिवसांत तीच साइडपट्टी म्हणजे चिखल असतो आणि तिच्या खाली पाण्याने भरलेली बांधी. ३० फुटी सरळ बांधीतच.

एक प्रामाणिक दुरुस्ती: हा हिशेब गाडी गोल-गोल फिरत राहिली तर होणाऱ्या स्थितीचा आहे. साध्या काटकोनी वळणात ट्रेलर एवढा आत येण्याआधी वळण संपून जातं, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी कमी जागा लागते आणि लांब ट्रेलरला ही सूट जास्त मिळते. मी ती सूट धरली नाही. पहिल्यांदा ओढणारा माणूस नेमक्या रेघेवरून गाडी नेत नाही, तेवढी शिल्लक राहू द्या.

फोनने वळण मोजायचं कसं

इथे मी आधी चूक केली. जीपीएस ट्रॅक चालू करून वळणावरून दोनदा चाललो आणि त्या रेघेवरून त्रिज्या काढली. दोन वेळा दोन वेगळी उत्तरं आली. साहजिक आहे. उघड्या आकाशाखाली फोनचा जीपीएस चांगला चालला तरी चार-पाच मीटर इकडेतिकडे होतो, झाडाखाली त्याहून जास्त. तीन-चार मीटरचा रस्ता त्याने कसा मोजणार? जीपीएस 'कुठे' हे सांगायला आहे, 'किती रुंद' हे सांगायला नाही.

गूगल मॅप्सचा सॅटेलाइट व्ह्यू त्यापेक्षा बरा. नकाशावर बोट दाबून धरा, पिन पडली की खालच्या माहितीत अंतर मोजण्याचा पर्याय मिळतो. त्याने पूर्ण वाट एकदा फिरून बघा आणि संशयाची वळणं वेगळी काढा. मामाच्या वाटेवर अशी तीन निघाली. फोटो जुना असू शकतो आणि झाडाच्या सावलीत रस्त्याची कड दिसत नाही, म्हणून त्यावर अंतिम आकडा ठरवू नका. फक्त कुठे जाऊन मोजायचं ते ठरवा.

मग प्रत्यक्ष टेप. वळणाच्या बाहेरच्या कडेवर दोन ठिकाणी खुंट्या ठोका, त्यांच्यात दोरी सरळ ताणा. आम्ही बरोबर १० मीटर घेतली. दोरीच्या मध्यापासून रस्त्याच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. आमचं १.३५ मीटर आलं. आता दोरीच्या लांबीचा वर्ग भागिले त्या अंतराची आठपट, अधिक त्या अंतराचा अर्धा भाग. १०० भागिले १०.८ म्हणजे ९.२६, अधिक ०.६७५, झाले जवळपास १० मीटर. ही बाहेरच्या कडेची त्रिज्या. पिकअपची अर्धी रुंदी वजा केली की वरचे ९ मीटर मिळतात. दोन माणसं, एक दोरी, दहा मिनिटं.

आणखी एक गोष्ट करा, जी कुठलंही ॲप करणार नाही. त्रिज्या कळल्या की खळ्यावर फक्कीने ते वळण खऱ्या मापात आखा. कबड्डीचं मैदान आखतो तसं. एक रेघ पुढच्या चाकाची, एक ट्रेलरच्या आतल्या कडेची. आम्ही तीसची आणि वीसची अशा दोन रेघा मारल्या. तीसच्या रेघेवर मामा जाऊन उभा राहिला, जिथे उभा होता तिथून रस्त्याच्या कडेपर्यंत पावलं मोजली आणि म्हणाला, "हे तर मोहाच्या बुडाशी येते."

वळणाच्या आतल्या बाजूला मोहाचं मोठं झाड आहे. शेजाऱ्यांच्या धुऱ्यावर. दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्या घरचे पहाटे त्याच्याखाली फुलं वेचतात. दादा एवढंच म्हणाला की फांदी तोडता येईल. मामाने त्याच्याकडे बघितलं, बोलला काही नाही. रेघ फांदीवरून नाही, बुंध्यावरून जात होती.

लांबीच्या आधी वजन आडवं येतं

खरं तर मी हे आधी लिहायला हवं होतं. फिफ्थ-व्हीलचं १५ ते २५ टक्के वजन पिकअपच्या मागच्या भागावर बसतं. मागून हूकला जोडायच्या साध्या ट्रेलरमध्ये हे १० ते १५ टक्के असतं. फॅब्रिकेटरचा २० फुटीचा अंदाज २४०० किलो होता. २० टक्के धरले तर ४८० किलो हौद्यात. ३० फुटीचा अंदाज ४००० किलो, म्हणजे ८०० किलो.

दादाला जी डबल कॅब पिकअप आवडते, दिसायला भारी, पाच माणसं बसणारी, तशा गाड्यांचं पेलोड काहीशे किलोंचंच असतं. त्यातच बसलेली माणसं आणि सामानही मोजायचं. ३० फुटी तिथेच बाद. सिंगल कॅब मालवाहू पिकअप सव्वा-दीड टन उचलतात, पण हौद्यात वजन उचलणं वेगळं आणि मागे ट्रेलर ओढणं वेगळं. कंपनीने ती गाडी किती वजन ओढू शकते हे लेखी दिलं आहे का, ते बघा. सूचनापुस्तिकेत नसेल तर कंपनीला विचारा. "चालतं हो, आम्ही लावून देतो" हे उत्तर नाही.

आणि रिकाम्या वजनावर जाऊ नका. पाण्याची २०० लिटरची टाकी भरली की २०० किलो वाढले. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, पण लोखंड धरून त्याच्या जवळपास दुप्पट. फ्रिज, गाद्या, बॅटरी, एसी वेगळे. हो, एसी. भंडाऱ्याच्या मे महिन्यात पत्र्याची खोली काय होते ते तुम्हाला सांगायला नको. ३० फुटीला दुसरा एसी लागतो, मग मोठी बॅटरी किंवा जनरेटर, मग पुन्हा वजन.

उंची, रिव्हर्स आणि बाकीचं

अमेरिकन फिफ्थ-व्हील १२-१३ फूट उंच असतात, कारण नाक हौद्यावर चढवायचं असतं. लांबी मोजताना आपण ही उंची विसरतो. गावातल्या विजेच्या तारा, आंब्याच्या फांद्या आणि रेल्वेखालचे कमी उंचीचे सबवे. सबवेच्या तोंडाशी उंचीचा बोर्ड असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. मुंबई-हावडा लोहमार्ग आपल्या जिल्ह्यातून वरठी, तुमसर रोडवरून जातो, त्यामुळे ट्रेलर घेऊन उत्तरेकडे जायचं तर रूळ कुठे आणि कसे ओलांडायचे हे आधीच नकाशावर बघा.

रिव्हर्सबद्दल मात्र लांबीची बाजू घ्यावी लागेल. मामा चाळीस वर्षं ट्रॉली मागे घेतोय. त्याचं म्हणणं, छोटी ट्रॉली जास्त त्रास देते. बरोबर आहे. पिन-ते-अ‍ॅक्सल अंतर कमी असलं की स्टिअरिंग जरा हललं तरी ट्रेलर पटकन वाकडा होतो, सुधारायला वेळ मिळत नाही. लांब ट्रेलर हळू वळतो. म्हणून १४-१५ फुटांचा घेतला की सगळं सोपं, असंही समजू नका. पण लांब ट्रेलर मागे घ्यायला मागे जागाही तेवढी लागते, आणि वळायला सुरुवात करताना अ‍ॅक्सलच्या मागचं बूड उलट्या बाजूला झोकतं. भिंतीला चिकटून उभा केलेला ट्रेलर काढताना मागचा कोपरा भिंतीला घासतो तो यामुळेच.

अमेरिकेत तरी मोठा ट्रेलर सगळीकडे जातो का? नाही. ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या 'गोइंग-टू-द-सन' या डोंगरी रस्त्याच्या मधल्या टप्प्यात बंपर धरून २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला बंदी आहे, आणि त्यात जोडगाडीची एकूण लांबी धरतात. म्हणजे तिथलेही लोक मोठा ट्रेलर खाली कॅम्पवर सोडून नुसती पिकअप घेऊन वर जातात. व्हिडिओत दिसतो तो सपाट, सहा लेनचा भाग.

कायद्याचं थोडक्यात

मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हीसुद्धा मोटार वाहनच. म्हणजे त्याची वेगळी नोंदणी. आमच्यासाठी एमएच ३६, भंडारा. रुंदीची मर्यादा २.६ मीटर. लांबीत कायदा आपल्याला अडवत नाही, ४० फुटी कंटेनर रोज नियमात बसून महामार्गावरून जातात. अडवतं ते दुसरंच. वेल्डिंग करून घरी बनवलेला ट्रेलर असा सहज नोंदत नाहीत, त्या नमुन्याला अधिकृत चाचणी संस्थेची मंजुरी लागते. पिकअपमध्ये थाळी बसवणं हाही गाडीतला बदल आहे, आणि नोंदणीच्या कागदात नसलेला बदल कलम ५२ मध्ये अडकतो. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात एक अ‍ॅक्सलच्या आणि दोन अ‍ॅक्सलच्या कॅरॅव्हॅनपासून तंबूच्या ट्रेलरपर्यंतचे प्रकार आहेत. पण धोरण आहे म्हणून आरटीओची पायरी चुकत नाही. भाड्याने द्यायचा असेल तर विमाही त्याच कामाचा हवा. ॲडव्हान्स देण्याआधी फॅब्रिकेटरकडे मंजुरीचा कागद मागा. कागद नसेल तर किती फूट हा प्रश्नच उरत नाही.

आमच्या फॅब्रिकेटरला मी हेच विचारलं. तीन दिवस फोन उचलला नाही. मग म्हणाला, मंजुरी असलेला त्याच्या ओळखीचा एक उत्पादक आहे, त्याच्याकडून चासी घेऊ. दर फुटामागे वाढला. मामा म्हणाला, वाढू दे.

मग ठरलं काय?

दादा लगेच मानला नाही. त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. ट्रेलर बहुतेक वेळ शेतावर उभाच राहणार, महिन्यात एकदा हलणार, मग एका वळणासाठी दहा फूट का सोडायचे? एकदा कसातरी आत नेला की झालं. मी म्हटलं, जो कधी हलवायचाच नाही त्याला चाकं, मंजुरी, विमा कशाला? त्या पैशात पक्की खोली होते. हलवायचा असेल तरच ट्रेलर घे, आणि हलवायचा असेल तर वळणाचं ऐकावं लागेल. मामीने मधेच विचारलं की जेवण कुठे बनवणार. त्याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं. मग खळ्यावर तीसच्या रेघेत बसून आतली मांडणी आखली. पलंग, ओटा, संडास, दोन माणसांना बसायला बाक. पाहुणे जोडपं आणि एक-दोन लेकरं. हे सगळं वीसमध्ये दाटीने बसतं, चोवीसमध्ये नीट बसतं. तीसमध्ये मधे एक हॉल येतो, ज्यात बसायला जंगल बघायला आलेला माणूस थांबणार नाही.

म्हणून भांडण उरलं वीस की चोवीस एवढंच. पाळीवरच्या वळणात चोवीसचं चाक साइडपट्टीवर जातं, पण सफारी पावसाळ्यात बंदच असते, तेव्हा ट्रेलर हलवायचा नाही असं ठरवलं तर चोवीसही चालला असता. मीही चोवीसकडे झुकलो होतो. दादा तर खूश झाला, चार फूट का होईना जिंकला.

संध्याकाळी मामा टेप घेऊन गोठ्यामागे गेला. तिथे ट्रॅक्टरचं शेड आहे, पावसाळ्यात ट्रेलर त्याच्यातच ठेवायचा असं पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी धरलं होतं. वाट मोजली, वळण मोजलं, उंची मोजली, शेड कोणी मोजलंच नव्हतं. त्याने आतून हाक मारली, "एकवीस फूट चार इंच."

दादाने फॅब्रिकेटरला वीसचा मेसेज टाकला.